राजाचा गोटा हवेत आहे

एका राज्यात दृढवर्मा नावाचा राजा होता. लेकीवर त्याचा भारी जीव. पण माया करावी कशी, हे राजाला कोणी शिकवावं? राजकन्या लवंगिका दिवसभर सागरगोटे खेळायची, रानातल्या काटेरी झुडपाच्या करड्या बिया त्या. राजा म्हणाला, "राजाच्या लेकीने बिया झेलाव्यात? शोभत नाही!" त्याने बिया फेकून दिल्या आणि जादूगाराच्या गुहेतून जिंकून आणलेली पाच माणकं तिच्यापुढे ठेवली.

माणकं शापित होती. लवंगिकेने ती उचलली मात्र, तिची बोटं दगडाची झाली. मग मनगटं, मग कोपरं. राजवैद्य झाले, मांत्रिक झाले, दगड काही हटेना.

तेव्हा खिडकीत बसून साळुंकी बोलली, "राजा, दगड काळजाशी पोचला की लेक गेली. तीन कामं कर. सागरगोटे आपल्या हाताने वेचून आण. लेकीला गुरू कर. आणि मांडलेला डाव अर्ध्यावर टाकून उठू नकोस."

"एवढंच?" राजा हसला. हसणारच! त्याने शिपाई धाडले. गाडाभर बिया आल्या, अंगणात उतरताच त्यांची माती झाली. मग मात्र राजा एकटा रानात शिरला. तिथे झाडं झोपेत पुटपुटत होती आणि धुकं वाट दाखवत पुढे चाललं होतं. राजाचे हात ओरबाडले, शेला फाटला, तेव्हा कुठे पाच बिया मिळाल्या.

लेकीपुढे तो मांडी घालून बसला. "गुरुमाई, शिकवा."

राजाने बी उडवली, ती पडली त्याच्याच मुकुटावर, टण्ण! दुसरी गेली पलंगाखाली. एवढा मोठा राजा, पण शिरला की हो पलंगाखाली! शेवटी लवंगिकेला राहवेना.

"अहो आबामहाराज, असं नव्हे! मनगट सैल सोडा. नजर वरच्या गोट्यावर ठेवा, खालचे बोटांना आपोआप सापडतात."

बोलता बोलता तिच्या कोपरांवरचा दगड विरघळला.

इतक्यात प्रधान धावत आला. "महाराज, परराज्याचा दूत आलाय. दरबार खोळंबलाय."

लवंगिकेने मान खाली घातली. आबामहाराज नेहमी असेच उठून जायचे. दगड पुन्हा वर चढू लागला.

"खोळंबू दे," राजा म्हणाला. "माझा गोटा हवेत आहे."

आणि खरंच, गोटा खाली येईना! छताशी तो अलगद तरंगत राहिला. मग हळूहळू उतरला. राजाने हात पुढे केला, तो चुकला. पण एका लहानशा, ऊबदार हाताने गोटा वरच्यावर झेलला.

"हरलात, आबामहाराज!" लवंगिका ओरडली, आणि राजा रडता रडता हसला.

माणकांची वाळू झाली. साळुंकी उडून गेली. दूतालाही डावात घेतलं. राजा म्हणे अजून हरतोच आहे. हरू दे बापड्याला. असा डाव जिथे रंगला असेल, तिथलं दार हळूच लोटावं आणि आपण आपल्या वाटेने जावं.