शिंगटीचा दगड

नदीला अजून धरण ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका डोहात दगडाखाली शिंगटी नावाची बोटभर मिशाळ मासळी राहायची. वैशाखात डोह आटला, पाणी तापलं, तसा धिप्पाड खडस मासा तिच्यावर खेकसला, "तुझा हा दगड मी ढकलून देतो. पोहायला जागा तरी होईल!"

"ढकला की, खडसदादा. पण आधी इथे तोंड लावून बघा."

खडसाने कुरकुरत दगडाखाली तोंड घातलं. आतून गारेगार पाणी झिरपत होतं.

"झरा? तुला कसा सापडला?"

"मिशांनी. दगड हलला तर रेती ढासळून बुजेल."

पाऊस येईपर्यंत खडस त्या दगडालाच टेकून राहिला, आणि रोज अदबीने विचारायचा, "शिंगटीबाई, अंमळ सरकू का आत?"