राक्षसाच्या बाळाची निजायची वेळ

पाय पांघरुणात घ्या आधी. हं, आता ऐका.

एक होती सुईण. धोंडाबाई तिचं नाव. एवढीशी होती, पण हट्टी म्हणजे काय हट्टी! तिचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि डोंगरावर एक राक्षसीण राहायची. भिऊ नका रे, माणसं खायची नाही ती. फणस खायची, अख्खे, काट्यांसकट.

तर त्या राक्षसिणीला झालं बाळ. आणि बाळ काही केल्या झोपेना! ते रडलं की खाली गावातली घरं गदगदा हलायची, कौलं धडाधड पडायची. शेवटी पाटील म्हणाले, "येत्या बाजाराच्या दिवशी गाव सोडायचं, नदीपलीकडे जायचं. दुसरा इलाज नाही."

बाजाराला राहिले होते आठ दिवस. आणि धोंडाबाईची लेक वेणू होती तीन दिवसांची बाळंतीण. तिला धड बसवत नव्हतं, ती तान्हं घेऊन नदी कशी ओलांडणार? धोंडाबाई ताडकन उठली. मग तिनं पदर खोचला नि म्हणाली, "बाळं निजवण्यात माझा जन्म गेला. हे जरा मोठं बाळ, एवढंच ना?"

आणि गेली की डोंगर चढून!

वर जाऊन बघते तर काय, राक्षसीण बाळाला हलवतेय आणि स्वतःच मुसमुसून रडतेय.

"बाई गं, न्हाऊ कधी घालतेस ह्याला?"

"कधी दुपारी, कधी पहाटे. परवा राहिलंच."

"आणि निजवतेस कधी?"

"निजवते कुठली! दमला की पडतो आपला. जरा डोळा लागतो, तोवर ह्याचा बाप येतो रानातून आणि उठवून खेळवत बसतो."

"अगं, मग लेकराला कळणार कसं, निजायचं कधी ते?" धोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "आजपासून मी सांगते तसं. गाई परतल्या की तेल. दिवे लागले की ऊन पाणी. पहिली चांदणी दिसली की गुंडाळून झोळीत. रोज हेच, ह्याच वेळी. काही झालं तरी हेच!"

मग काय, घाण्यावरून तेलाच्या घागरी वर आल्या. राक्षसीण तेल चोळतेय, आणि धोंडाबाई बाळाच्या गुडघ्यावर बसून ओरडतेय, "हलक्या हातानं! भिंत सारवतेस काय?" मग विहिरीएवढ्या हंड्यात पाणी तापलं. मग दोन वडांना झोळी बांधली. चांदणी दिसली, बाळ झोळीत गेलं, आणि असं रडलं, असं रडलं, की पाटलांची पगडी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी तेच. बाळ रडलं ते रडलंच. खाली लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलंय. राक्षसीणही म्हणाली, "पुरे गं बाई. मला नाही बघवत."

"रडला तर जवळ बस. थोपट. पण वेळ मोडायची नाही!"

मग तिसरा दिवस आला. पायाला तेल लागलं आणि बाळानं दिली जांभई. अशी मोठी, की धोंडाबाईचा पदरच उडाला! चांदणी दिसली आणि बाळ निजलंसुद्धा. मग चौथ्या दिवशी निजलं, पाचव्या दिवशी निजलं. पण गावाचा विश्वास बसेना. लोकांनी गाड्या भरून ठेवल्या. म्हणाले, बाजाराच्या आदल्या दिवशी रडलं, की पहाटे निघायचं.

आणि नेमकं त्याच दिवशी, चांदणी निघून जरासा वेळ झाला नाही तोच, धाड धाड पावलं वाजली. इतके दिवस रानातच अडकलेला बाप परत आला. "कुठाय माझा सोन्या?" म्हणत झोळीपाशी वाकला.

धोंडाबाई धावली. त्याच्या अंगठ्याएवढी ती, पण दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. "उठवायचं नाही!"

"कोण गं तू? मी बाप आहे त्याचा!" आणि त्यानं मूठ उगारली, बरं का.

 धोंडाबाईच्या डोळ्यांपुढे वेणू होती. ती तसूभर हलली नाही. "बाप असशील. पण तो निजलाय."

राक्षसाची मूठ खाली आली. तो मटकन खाली बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मी सदा रानात. उठवला नाही तर तो मला बघणार कधी? मला ओळखतसुद्धा नाही तो."

आता मात्र धोंडाबाईला वाईट वाटलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तेलाची वेळ तुझी. गाई परतायच्या आत घरी यायचं. एक दिवस चुकवायचा नाही. जमेल?"

राक्षसानं मान डोलावली.

बाजाराच्या दिवशी पहाटे कोणीच निघालं नाही. निघणार कसं? अख्खं गाव ऊन वर येईपर्यंत घोरत होतं! पाटलांनी स्वतः गाड्या रिकाम्या केल्या. वेणू आपल्या घरीच राहिली.

आणि संध्याकाळी गाई परतल्या, त्यांच्याही आधी राक्षस धापा टाकत घरी. बोटाच्या टोकानं त्यानं बाळाला तेल लावलं. भीत भीत, हं, एवढा मोठा राक्षस! मग पाणी झालं, मग झोळी. बाळानं त्याचं बोट धरलं, त्याच्याकडे टक लावून बघितलं, आणि तसंच झोपून गेलं.

राक्षसीण म्हणाली, "अहो, काढा बोट आणि जेवायला चला."

"नको," राक्षस हळूच म्हणाला. "उठेल तो."

आणि सकाळपर्यंत तसाच बसून राहिला, उपाशी.

झाली गोष्ट. सगळे सुखात राहिले आणि रोज वेळेवर निजले. आता तुम्हीही निजा. रेवे, एक डोळा उघडा दिसतोय मला. मिट तो!