आतून कोरं शुभेच्छापत्र

एकदा एका बाईंकडे एकशे चौदा शुभेच्छापत्रं जमली होती. सगळी स्वतःच्या हातांनी केलेली, आणि त्यांतलं एकही त्यांनी कुणाला पाठवलेलं नव्हतं. हसू नका. ज्यांना या छंदाची लागण झाली आहे त्यांच्या कपाटात डोकावून पाहा, तिथंही हीच गत असेल. रबरी ठसा शाईच्या पॅडवर टेकवायचा, जाड कागदावर उठवायचा, रंग भरायचे, घडी घालायची, फोटो काढून मोबाइलवरच्या मंडळात टाकायचा, चार ठिकाणांहून 'वा वा' गोळा करायची आणि पत्र ठेवून द्यायचं डब्यात. शुभेच्छा कुणाला? तर कुणालाच नाही!

या बाईंचं नाव हेमांगी. वय पंचेचाळीसच्या आसपास, हात विलक्षण देखणा, आणि जीभ जरा जास्तच धारदार. त्यांच्या मंडळात साठेक हौशी माणसं होती. दर पंधरवड्याला मंडळ एक आव्हान काढी. कधी फक्त दोन रंग वापरायचे, कधी कागद गोलच हवा, कधी फुलं सोडून काहीही चालेल. ज्याचं पत्र सरस ठरे तो त्या पंधरवड्याचा मानकरी. हेमांगीबाई सात वेळा मानकरी झाल्या होत्या, पण वर्षाच्या मोठ्या आव्हानात मात्र दोनदा थोडक्यात हुकल्या होत्या. ते शल्य त्यांना सलत असे.

ही विद्या त्यांना दिली बोंद्रेकाकांनी. काका ऐंशीच्या घरातले. उभी हयात कचेरीसमोरच्या लहानशा दुकानात शिक्के कोरण्यात गेली. 'मंजूर', 'नामंजूर', 'खरी प्रत', 'पोहोचले'. म्हातारपणी ते त्याच रबरावर चिमण्या, समया आणि आंब्याची पानं कोरू लागले. म्हणत, "जन्मभर लोकांना नामंजूर करून झालं, आता जरा चिमण्या करतो." शिकायला कुणी आलं तर मनापासून शिकवत, आणि बोलत मात्र अगदी मोजकं.

हेमांगीबाई त्यांच्याकडे एकट्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या समोरच्या दारात राहणारी कुंदाही बरोबर होती. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. ठसे सामाईक, पत्र्याच्या एका डब्यात ठेवलेले. डबा आज या घरी, तर उद्या त्या घरी. "या डब्याला पाय फुटलेत," असं कुंदाचा नवरा चेष्टेनं म्हणे.

मग गेल्या दिवाळीत ते घडलं. आव्हान होतं समईचं. दोघींनी आपापल्या घरी पत्र केलं, आणि मंडळात फोटो पडले तेव्हा दोन्ही पत्रांत समई डाव्या कोपऱ्यात आणि उजवीकडे तीन पानं! आता एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेल्या, एकाच डब्यातले ठसे वापरणाऱ्या बायकांची पत्रं सारखी निघणार नाहीत तर काय होईल? पण त्या घडीला हेमांगीबाईंनी डोक्यात राख घालून घेतली. साठ माणसांसमोर त्यांनी लिहिलं, "कल्पना उसनी घ्यायची तर निदान सांगून तरी घ्यावी."

कुंदा मंडळातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ठशांचा डबा हेमांगीबाईंच्या दाराशी ठेवलेला होता, आतला एकेक ठसा स्वच्छ पुसून. दोन दिवसांत हेमांगीबाईंचा राग उतरला आणि आपली चूक कळली, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. आठ महिने उलटले तरी माफीचा शब्द काही ओठांवर येईना. जिन्यात गाठ पडली की दोघी भिंतीकडे पाहत वर-खाली करत. आणि आता कुंदाच्या नवऱ्याची दूरच्या गावी बदली झाली होती. उद्या सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता.

आणि नेमकी आजच मोठ्या आव्हानाची मुदत संपत होती, संध्याकाळी सहाला. विषय होता मैत्री. एकच ठसा, एकच शाई, बाकी काहीही लावायचं नाही.

दुपारी साडेतीनला हेमांगीबाई आपलं पत्र घेऊन काकांकडे गेल्या. पत्रावर दोनच चिमण्या होत्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. पहिली ठसठशीत उठवलेली. दुसरी पुन्हा शाई न लावता, त्याच ठशानं, त्यामुळे ती फिकी आणि जराशी लांब गेल्यासारखी दिसत होती. मध्ये सगळा कागद मोकळा.

काकांनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन निरखलं. "सुरेख! हाताला यश आहे तुझ्या. कुणासाठी केलंस?"

"आव्हानासाठी, काका."

"ते झालं. पण राहतं कुठे हे आव्हान? पत्ता काय त्याचा?"

"असं काय हो काका! पत्ता कसला? सहाच्या आत फोटो टाकायचा."

"बरं. आणि या दोन चिमण्या कोण?"

काकांना सगळं ठाऊक होतं. शहाणी माणसं बहुधा ठाऊक असलेलंच विचारतात.

हेमांगीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "आत चार ओळी लिहायच्यात अजून. अक्षरालाही गुण असतात. फोटो टाकला की हेच पत्र कुंदाच्या दाराखालून सरकवीन म्हणते. जायच्या आधी तिला मिळेल. दोन्ही कामं होतील."

काकांनी यावर काय करावं? त्यांनी खणातून एक पाकीट काढलं, ते आतून कोरं पत्र त्यात घातलं, कडेला डिंकाचं बोट फिरवलं आणि पाकीट बंद करून टाकलं.

"अहो काका! आत काही लिहिलं नाहीये अजून! फोटोही काढला नाही!"

"नाही ना? मग उत्तम. असंच दे तिला. हातात दे."

"कोरं?"

"कोरं."

"तिला वाटेल मी थट्टा मांडलीय तिची."

"वाटेलही," काका म्हणाले, आणि अर्धवट कोरलेलं रबर पुढ्यात ओढून पुन्हा कामाला लागले.

हेमांगीबाई तणतणत घरी आल्या. मनात म्हणाल्या, म्हाताऱ्याला चळ लागलाय. माझी वर्षाची मेहनत पाकिटात कोंबली! डिंक अजून ओला असेल या आशेनं त्यांनी कडा सोडवून पाहिली, पण काकांचा डिंक पक्का होता. मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं. चहासाठी नव्हे, वाफेसाठी. वाफेवर पाकीट धरलं की अलगद उघडतं. फोटो काढू, चार ओळी लिहू, पुन्हा चिकटवू. म्हाताऱ्याला काय कळतंय!

आधणाला उकळी येईस्तोवर त्यांनी ओळी लिहून ठेवलेली वही उघडली. आठ महिन्यांत त्यांनी पुष्कळ ओळी लिहिल्या होत्या. 'गैरसमजांचे ढग विरून जावोत.' 'स्नेहाची वेल पुन्हा बहरो.' 'काळ सर्व जखमा भरून काढो.' मोत्यासारखं अक्षर.

आणि तेवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला, चर्रर्र. खोक्यांना चिकटपट्टी लावली जात होती. एक खोकं झालं, दुसरं झालं. हेमांगीबाई वही हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांनी पहिली ओळ पुन्हा वाचली. गैरसमजांचे ढग? गैरसमज कसला? कुंदाचा काही गैरसमज झाला नव्हता. तिला साठ माणसांसमोर चोर ठरवलं होतं, आणि ते मी ठरवलं होतं. ढग विरोत, वेल बहरो, काळ भरून काढो. सगळ्यांनी काही ना काही करायचं आहे, एक मी सोडून! साऱ्या वहीत 'माझं चुकलं' हे दोन शब्द कुठंच नव्हते. हेमांगीबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी गॅस बंद केला.

पाकीट घेऊन त्या दाराबाहेर आल्या. सवयीनं खाली वाकल्यासुद्धा, दाराखालून सरकवायला. पण कोरं पत्र सरकवून उपयोग काय? त्यातून ना माफी पोहोचणार, ना निरोप. दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी घंटी वाजवली.

दार कुंदानंच उघडलं. पदर खोचलेला, मनगटात चिकटपट्टीचं रिंगण अडकवलेलं. "काय गं?" एवढंच म्हणाली.

हेमांगीबाईंनी पाकीट पुढं केलं. कुंदानं ते उभ्याउभ्याच फाडलं. चिमण्या पाहिल्या. हात कारागिराचा, त्यामुळे राग राहिला बाजूला आणि आधी डोळा बोलला. "दुसरी शाई न लावता उठवलीस."

"हो."

"शेपटीशी हललाय ठसा." मग तिनं पत्र उघडलं, उलटंसुलटं केलं आणि तिचा चेहरा कडू झाला. "आत तर काहीच नाही. हे काय आणलंस मला?"

"कुंदा, माझं चुकलं." शब्द निघाले ते एकदम निघाले. "तू काही उसनं घेतलं नव्हतंस. मला दोन दिवसांत कळलं होतं. आठ महिने लाज वाटत होती आणि मी रागावल्याचं सोंग करत राहिले. फार वाईट वागले मी."

कुंदानं पत्राची घडी मिटली आणि म्हणाली, "तुला माहितीये, त्या दिवशी दोन्ही फोटो पाहून मी आधी आईला फोन केला होता. म्हटलं, बघ आई, न ठरवता आमच्या दोघींचं एकसारखं निघालं! मला गंमत वाटली होती गं, हेमांगी. आणि फोन ठेवून बघते तर तू ते लिहिलेलं."

हे ऐकलं आणि हेमांगीबाई तिथंच उंबऱ्याशी बसून लहान मुलीसारख्या रडल्या. कुंदाचेही डोळे भरले, पण बाई खमकी. म्हणाली, "रडू नकोस नुसती. बोललीस साठ जणांत आणि माफी मागतेस जिन्यात?"

बरोबरच होतं तिचं. हेमांगीबाईंनी डोळे पुसले आणि मोबाइल काढला. सहाला तीन मिनिटं कमी होती. मंडळ सगळं त्यांच्या फोटोची वाट पाहत होतं. त्यांनी लिहिलं, "दिवाळीत मी कुंदावर खोटा आळ घेतला. तिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं. चूक माझी होती. या वर्षी माझं पत्र आव्हानात नाही." आणि धाडून दिलं.

कुंदानं वाकून तिच्याच मोबाइलवर ते वाचलं. "अगं, फोटो तरी टाकायचास! एवढं छान झालंय."

"राहू दे. तुझ्यासाठीचं आहे ते."

"बरं, मग बाहेर का बसलीस? ये आत. खोकं धर, मी पट्टी लावते."

त्या रात्री जेवणं कुंदाकडेच झाली, उरल्यासुरल्या भांड्यांत.

दुसऱ्या दिवशी ट्रक गेल्यावर हेमांगीबाई काकांकडे आल्या. घडलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "पण काका, एक समजलं नाही. मी आत दोन शब्द लिहून दिले असते तर काय बिघडलं असतं?"

काकांनी हातातली कोरणी खाली ठेवली. "बिघडलं काहीच नसतं. तू सुंदर लिहिलं असतंस. तिनं वाचून, घडी घालून खोक्यात टाकलं असतं आणि दोन्ही दारं बंदच राहिली असती. तुझा हात गुणी आहे पोरी, पण तोच तुला नडतो. जिभेनं मोडलेलं तू हातानं सांधायला निघाली होतीस. मी चाळीस वर्षं 'मंजूर'चे शिक्के कोरले. पण नुसत्या शिक्क्यानं आजवर कुणाचं काही मंजूर झालेलं नाही. आधी कुणीतरी माणसानं होय म्हणावं लागतं, मग शिक्का उठतो. तुझं पत्र म्हणजे नुसता शिक्का होता. होय म्हणायचं राहिलं होतं, म्हणून मी आत लिहू दिलं नाही."

हेमांगीबाईंनी खाली वाकून काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकांनी हेमांगीबाईंच्या केसांवरून हात फिरवला. त्यांच्या बोटांची शाई थोडी कपाळालाही लागली.

वाचकहो, ज्याचं आपल्या हातून वाईट झालं त्याच्यासाठी सुंदर पत्र जरूर करावं, मनापासून करावं. पण ते घेऊन आपण स्वतः जावं, दार उघडेपर्यंत थांबावं आणि आधी बोलावं. पत्र मागाहून दिलं तरी चालतं.