दोन काठांची सासू

एका विहारात सोमिल नावाचा भिक्षू पोटाच्या गाठीने आजारी पडला. वैद्याने तपासून सांगितले, "हा पावसाळा संपेपर्यंत टिकशील, पुढचं धरू नकोस." त्या दिवसापासून सोमिलाने भिंतीकडे तोंड फिरवले. कुणी पेज आणली तर म्हणे, "ज्याला जायचंच आहे त्याला कशाला भरवता?" भिक्षूंनी हे शास्त्यांच्या, म्हणजे आपल्या गुरूंच्या, कानावर घातले. शास्ता येऊन त्याच्या अंथरुणाशी बसले आणि म्हणाले, "सोमिला, वैद्याचं असं बोलणं मीही एकदा ऐकलं आहे. ऐक."

पूर्वी कंकावती नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चित्रवती नदीच्या दक्षिण काठावर नावाड्याच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव पोतक. घाटासमोर पाण्याखाली चौदा खडक होते. ते उन्हाळ्यातच काय ते दिसत. नावेवर एक जण पुढे उभा राही, एक जण मागे सुकाणू धरी. पुढचा फक्त खडकाचे नाव ओरडे. कुठे वळायचे ते मागच्याला नावावरूनच कळे. खडकांची नावेही घरगुती होती: बोडका, आळशी, तीन जावा, सासू.

उत्तर काठाच्या नावाड्यांनी याच खडकांना आपली वेगळी नावे ठेवली होती. त्यात एक घोळ होता. सासू दोन्ही काठांना होती, पण खडक निराळे! दोघांनाही वाटे, सासू म्हणजे आपलीच, दुसरी असेलच कशी?

एकदा पोतकाचा पुढचा माणूस तापाने पडला, म्हणून उत्तरेचा एक जण नावेवर घेतला. मध्यावर तो ओरडला, "सासू!" पोतक आपल्या सासूला चुकवायला वळला आणि नाव थेट उत्तरेच्या सासूवर गेली. सहा माणसे बुडाली. पोतक एकटा पोहून निघाला. ओरडणाऱ्याची सासू वेगळीच होती हे त्याला तेव्हा उमगले, पण ते त्याने मनातच ठेवले. दक्षिणेचे म्हणाले, ओरडणारा आंधळा. उत्तरेचे म्हणाले, सुकाणूवाला बहिरा. तेव्हापासून दोन्ही काठांचे बोलणे बंद झाले.

पुढे काही वर्षांनी, फाल्गुनात, पोतकाला रक्ताच्या उलट्या होऊ लागल्या. वैद्य म्हणाला, "ज्येष्ठ बघशील. आषाढ नाही." पोतकाने वल्हे आढ्याला टांगले आणि खाट धरली. लोक येत, हळहळत, गोड बोलून जात.

चैत्रात उत्तर काठाचा कुंभील दारात येऊन उभा राहिला. बुडालेल्या सहांत त्याचा भाऊ होता.

"मरतोयस म्हणे," कुंभील म्हणाला.

"हो."

"कधी?"

"आषाढाच्या आधी."

"मग आज चैत्रात का मेल्यासारखा पडलायस? ती नाव का फुटली हे जगात तुला एकट्याला धड ठाऊक आहे. ते पोटात घेऊनच चितेवर चढणार काय, मेल्या?"

पोतकाला भयंकर राग आला. "मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात?"

"जिवंत आहेस तोवरच बोलतो. नंतर सगळे गोडच बोलतील!"

पोतक उठून बसला. कित्येक दिवसांत त्याला पहिल्यांदाच हसू आले, आणि हसता हसता तो रडला. मग त्याने कुंभीलला दोन सासवांची गोष्ट सांगितली. कुंभील ऐकता ऐकता खाली बसला.

वैशाखात पाणी उतरले, खडक उघडे पडले. पोतकाने दोन्ही काठांचे नावाडी नदीच्या वाळवंटात जमवले. प्रत्येक खडकाला एकच नाव ठेवायचे, असे त्याने मांडले. बारा खडकांवर भांडत भांडत का होईना, जमले. सासूवर घोडे अडले.

"हे नाव आमच्या आजोबांनी ठेवलंय," दक्षिणेचे म्हणाले.

"नाव आजोबांचं, पण जीव उतारूंचे," पोतक म्हणाला. "आमची सासू आज वारली असं समजा. त्यांची राहू द्या."

"सासू वारली आणि जावई हसतोय!" मागून कुणीतरी म्हणाले. मग दोन्ही काठ हसले. रिकाम्या झालेल्या खडकाला पोतकाचेच नाव द्यावे, असे कुणीतरी सुचवले. तो म्हणाला, "म्हणजे मेल्यावरही मी नावा फोडू? मुका म्हणा त्याला."

त्यानंतर नव्या नावांच्या सरावासाठी रोज एक होडी निघे. पुढे एका काठाचा माणूस, मागे दुसऱ्या काठाचा. पोतकाच्या हातात वल्हे धरण्याचे बळ नव्हते. तो मधे चटईवर पडून, डोळे मिटून ऐके आणि चुकणाऱ्याला शिव्या देई. वेदना होत्याच, पण त्यांच्याकडे बघायला सवड कमी होती.

ज्येष्ठ सरता सरता एका दुपारी वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि नदी एकाएकी फुगली. चाळीस उतारूंची नाव मध्यावर होती. पोतक घाटावरच्या झोपडीत शेवटचे श्वास मोजत होता, उशाशी कुंभील होता. पाण्याच्या घोंघाटातून उत्तरेच्या माणसाची आरोळी आली, "सासू!" सुकाणूवर दक्षिणेचा माणूस होता. पोतकाने कुंभीलचे मनगट घट्ट धरले. थोड्या वेळाने उतारूंच्या बोलण्याचा गलका अलीकडच्या काठावर ऐकू आला.

"सासू कुणाची?" पोतकाने विचारले.

"आपली," कुंभील म्हणाला.

ते ऐकून पोतकाने हात सोडला. आषाढ त्याने पाहिला नाही. वैद्याचे काही चुकले नव्हते.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा तो वैद्य म्हणजे आज तुझी नाडी पाहणारा हाच वैद्य. दोन्ही काठांचे नावाडी म्हणजे हा भिक्षुसंघ. पोतक मीच होतो. आणि भावाचं दुःख गिळून माझ्या दारात आलेला, मला खाटेवरून उठवणारा कुंभील म्हणजे, सोमिला, तू."

सोमिलाने कूस वळवली. शास्त्यांनी त्याला हात दिला आणि तो उठून बसला.

उरलेला काळ थोडा म्हणून टाकून न देता इतरांच्या कामी लावणे, यालाच वीर्य पारमिता, म्हणजे प्रयत्नाची पराकाष्ठा, म्हणतात.