आंब्याच्या पेटीतला पंखा

“ताई दवाखान्यातून परत का नाही आली?” आंब्याच्या पेटीत बसवलेल्या छोट्या पंख्यानं विचारलं.

काही महिन्यांपूर्वी कस्तुरीताईनं भंगारातून एकेक भाग निवडून धाकट्या भावासाठी, निनादसाठी, गेमचा कॉम्प्युटर बांधायला घेतला होता. कॉम्प्युटरच्या बाहेरच्या डब्याला पैसे पुरेनात, म्हणून तिनं भाग बसवायला आंब्याची पेटी घेतली. ती आजारात गेल्यावर उरलेलं काम निनादनं घाईघाईत उरकलं. गेम सुरू झाला आणि लगेच बंद पडला.

“भंगारड्या, भाजून काढलंस मला!” गेमची चित्रं पडद्यावर दाखवणारं ग्राफिक्स कार्ड पंख्यावर ओरडलं.

“तू काय शोरूममधून आलंस? तुलाही ताईनंच भंगारातून उचलून पुसून घेतलं. मला उलटं बसवलंय रे. गरम हवा बाहेर टाकायची सोडून मी आतच ढकलतोय.”

“जाऊ दे, भंगारातच टाकतो सगळं!” म्हणत निनादनं पेटी उचलली. तेव्हा पंख्याच्या कडेवर हवा कुठे जायची ते दाखवायला ताईनं पेनानं काढलेला बाण त्याला दिसला. तो खाली बसला आणि बाण बाहेरच्या बाजूला येईल असा पंखा फिरवून लावला.

या वेळी गेम थांबला नाही.

“बघितलंस? ताईनं बांधलंय आपल्याला!” कार्ड ऐटीत म्हणालं.

निनादनं खेळाडूच्या नावाच्या जागी ‘कस्तुरी’ लिहिलं आणि पहिला डाव तिच्या नावानं खेळला.