सोनकी, शिंग आणि तीन पायांचा मोर

गड उंच होता, गडाखालचं गाव बुटकं होतं आणि त्या गावात सोनकी सगळ्यांत बुटकी होती. वय वर्षं दहा. घरात ती आणि तिचे बापू, दोघंच. परकर एकच, तोही ठिगळांनी इतका भरलेला की मूळचं कापड शोधायला हवालदार लावावा. भाकरी असे, पण रोज नसे. नसली की बापू म्हणत, "आज पोटाला सुट्टी!" मग दोघं हसत. हसून पोट भरत नाही, पण बरं वाटतं. करून बघा.

बापू शिंगांचे कारागीर होते. बैलाला लावायच्या नव्हे रे बाळांनो, बारुदीच्या शिंगांचे! तेव्हा बंदुकीत बारूद हाताने भरायची. ती भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. म्हणून गडावरचा प्रत्येक बंदुकवाला पोकळ शिंगात कोरडी बारूद भरून ते कमरेला लटकवी. रुंद तोंडाला लाकडी बूच, निमुळत्या टोकाला पितळी टोपण आणि वर लालचुटुक गोंडा. जुनं, चिरलेलं, मळकं शिंग बापूंच्या हातात आलं की मधासारखं पिवळंधम्म होऊन बाहेर पडे आणि अंगावर वेली-पोपट घेऊन मिरवे.

पण दोन वर्षांपूर्वी बापूंच्या डोळ्यांत धुकं उतरलं, ते गेलंच नाही. आता बापू बोटांनी चाचपून सांगत आणि सोनकी करी. शेजारचा सोनार टोमणा मारी, "आंधळ्याचं तोंड आणि पोरीचे हात! दोघं मिळून एक कारागीर!" सोनकी म्हणे, "काका, तुम्ही दोन डोळे असून अर्धेच!" शेजारधर्म असा चाले.

खंडेनवमीला गावात हत्यारांची पूजा होते. तिच्या आदल्या सकाळी हैबतकाका शिंग घेऊन आले. हैबतकाका म्हणजे गडावरचे सगळ्यांत जुने बंदुकवाले. मिशा इतक्या मोठ्या की आधी मिशा दारात यायच्या, मग काका. एक पाय लढाईत मोडलेला, म्हणून हातात काठी.

"पोरी, ह्याच्यावर माझ्या मैनेने सुईने चित्र काढलंय. सहा वर्षांची होती. ती गेली, तेवढंच राहिलंय," काका म्हणाले. "बाकी काय हवं ते कर. चित्र तेवढं सांभाळ. उद्या सकाळी पूजेला नेणार."

शिंग मळाने काळंकुट्ट. चित्र कुठे आहे तेही दिसेना. आता ह्या कामात एक रीत आहे. जुनं शिंग आलं की आधी त्याच्या अंगावर काजळ फासायचं, ओल्या फडक्यावर ठसा घ्यायचा, म्हणजे नक्षी पुसली तरी नमुना हाती राहतो, तो वाळत ठेवायचा आणि मगच घासायला बसायचं. बापूंनी हे तिला हजारदा सांगितलं होतं. पण घाई म्हणून एक चेटकीण असते, ती पोरांच्या कानात बसते. (तुमच्याही बसते. अभ्यासाच्या वेळी बघा.) सोनकीने ठसा घेतलाच नाही. खरवताची पानं घेतली, मांजराच्या जिभेसारखी खरखरीत, आणि घास घास घासलं. मळ निघाला. शिंग झळाळलं. आणि झळाळत्या शिंगावर एका शेपटीची बारीकशी रेघ, पाहता पाहता, पानाखाली नाहीशी झाली.

सोनकीने शिंग उलटं केलं, पालटं केलं. गुळगुळीत! मैनेचं चित्र गेलं होतं.

बापूंना काय सांगावं? "पानं आणते," म्हणाली आणि शिंग परकराच्या ओच्यात लपवून पळाली ती थेट रानातल्या खरवताच्या जाळीत. तिथे बसून रडणार, तर तिथे कुणीतरी आधीच रडत होतं.

"ऊं ऊं! हे कसलं मेलं पान! आम्ही आपल्या सगळ्या पानांवर बसतो!"

पानावर परी होती. बोटाच्या पेराएवढी, चांदणफुलीसारखी चमचमती. निळे निळे इवलाले पंख, त्यांवर गुलाबी ठिपके, आणि एक पंख खरवताने टर्रकन फाटलेला.

"हलू नकोस गं," सोनकी म्हणाली. आपलं रडणं तिने पुढे ढकललं. शिंगाची चीर बुजवतात तसं कनवटीला असलेल्या कामाच्या पुरचुंडीतलं मेण चिमटीत मऊ केलं, फाटलेल्या कडा जुळवल्या आणि सुईच्या टोकाने मेण हलकेच बसवलं. परीने पंख फडफडवून पाहिला. निळ्या रंगाचा नुसता पाऊस पडला!

"छान झालं! आता तुझी एक इच्छा. पण नियम ऐक," परी म्हणाली आणि पंतोजीसारखं बोट वर केलं. "जे हाताने होतं ते मागायचं नाही. घडून गेलेलं पुसता येणार नाही. आणि ऊन त्या समोरच्या कातळावर पोचायच्या आत मागायचं."

"पुसलेलं चित्र परत आण!"

"घडून गेलं."

"मग हैबतकाकांना चित्राचा विसर..." सोनकीने स्वतःच जीभ चावली. "नको नको! मग मैनेचं काहीच उरणार नाही त्यांच्याकडे."

ऊन कातळाकडे सरकत होतं. परी हळूच म्हणाली, "तुझ्या बापूंचे डोळे मागता येतील हं."

बापूंचे डोळे! बापू पुन्हा सुई धरतील, पोटाची सुट्टी संपेल. ओठांवर आलंच होतं. पण मांडीवर ते बोडकं शिंग होतं.

"बापूंचं दुखणं मी केलेलं नाही," ती म्हणाली. डोळ्यांतून टप टप पाणी गळत होतं. "हे मात्र मी केलंय. परी, ते चित्र कसं होतं एवढं मला दाखव. काढीन मी माझ्या हाताने."

परीने शिंगावर फुंकर घातली. सोनेरी रेघा उमटल्या, मोर! अहाहा, काय मोर! मान वाकडी, शेपूट केरसुणीसारखी, डोक्यावर मुंडाशासारखा तुरा आणि पाय तीन! सोनकीने डोळे मिटून घ्यावेत इतका ओबडधोबड. दहा आकडे मोजेपर्यंत रेघा विझल्या.

तिथेच बसून तिने सुई चालवली. हात सवयीने सुरेख मोर काढायला धावत होता, ती त्याला मागे ओढत होती. वाकडी मान वाकडीच काढली. तीन पाय तीनच काढले. पुरचुंडीतलं काजळ रेघांत भरलं, तेलाच्या बोटाने पुसलं. मग घरी जाऊन बापूंना सगळं सांगितलं. बापूंनी मोर चाचपला. "उद्या काकांना तू सांगायचं," एवढंच म्हणाले.

सकाळी मिशा दारात आल्या. मोर पाहून काकांचा चेहरा उजळला, आणि तेव्हाच सोनकी म्हणाली, "काका, हा मैनेचा नाही. तिचा माझ्या हातून पुसला गेला. हा मी काढलाय. जसाच्या तसा."

काकांच्या मिशा थरथरल्या. सोनकी भिंतीला चिकटली. काकांनी बोटाने मोराचे पाय मोजले.

"पाय तीनच कसे ठेवलेस? चूक दिसली नाही?"

"दिसली. पण ती मैनेची आहे."

"चूक नाही गं ती," काका खाली बसले. "तो मोर मीच! मुंडासं माझं. तिसरा पाय म्हणजे ही काठी. मैना म्हणायची, बाबांना तीन पाय, म्हणून ते पडत नाहीत." आणि एवढा मोठा बंदुकवाला मिशांनी डोळे पुसू लागला. पुरल्या हो मिशा! "दुसऱ्या कुणी दोनच काढले असते. गडावरची सगळी शिंगं आता ह्याच घरी येतील."

तेवढ्यात खिडकीत निळं-गुलाबी काहीतरी चमचमलं. परी! सोनकीला एकटीलाच दिसली.

"ती इच्छा पंख सांधल्याबद्दल होती," ती कुजबुजली. "खरं बोललीस त्याचं बक्षीस राहिलं होतं. पण माझ्याजवळ एकाच डोळ्यापुरता उजेड आहे हं."

"एक पुरे!" सोनकी म्हणाली. "शिंग सरळ आहे का पाहताना दुसरा मिटावाच लागतो."

परी बापूंच्या उजव्या पापणीवर टेकली, खुदकन हसली आणि लख्खकन उजेड झाला. सोन्याचा, मोतिया, निळा! भांडी चमकली, मेणाचा गोळा चमकला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

बापू दचकले. धुकं गेलेला उजवा डोळा चोळत ओरडले, "सोनके! दिवसाढवळ्या दिवा कोणी गं लावला? विझव आधी, तेल फुकट जातंय!"