थोरला पतंग, धाकटा पतंग

"मग मला थोरला का नाही?"

तांडेलांनी दातांनी दोरा तोडला, सुई टोपीला टोचून ठेवली आणि कापडाची दुसरी कड मांडीवर ओढून घेतली.

"का नाही?" निहारने पुन्हा विचारलं.

"शिकायला येऊन चौथाच दिवस तुझा."

"पण पाटी बघा की. पाटीवर माझ्यापुढे..."

"पाटी मी रोज बघतो," तांडेल म्हणाले. "धूळ बसली की पुसतो."

तांडेल म्हणजे आमचे शेजारी. मचव्यावर चाळीस वर्षं काढली, म्हणून तांडेल. शिडंही तेच शिवायचे. शिडाचे मचवे गेले, इंजिनं आली, आणि तांडेल किनाऱ्यावरच्या शेडमध्ये बसून शहरातल्या माणसांना वाऱ्याबरोबर पळायला शिकवू लागले. आभाळात भला मोठा कापडी पतंग, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी. वारा ओढतो, माणूस लाटांवरून धावतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं.

शेडमध्ये दोन पतंग. बारा चौरस मीटरचा तो थोरला, आठचा तो धाकटा. ही नावं तांडेलांचीच. भिंतीवर पतंगाच्या कंपनीची पाटी. आडवं वजन, उभा वारा, दोन्ही ओळी मिळतील त्या घरात पतंगाचा आकडा. शहरातली माणसं आली की आधी पाटीपुढे उभी राहतात, देवाच्या पुढे राहावं तशी.

शेडच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये चिऱ्याचा गडगा आहे. शिकायला येणारे जेवतात माझ्याकडे. गडग्याला टेकून उभं राहिलं की पलीकडचं ऐकू येतंच. कानांना काही झाकणं नसतात.

"अठ्ठ्याऐंशी किलो वजन," निहार बोटांवर मोजत म्हणाला. "वारा चौदा नॉट. येतो की नाही थोरला?"

"येतो."

"मग?"

तांडेलांनी मान वर केली. त्याच्या तोंडाकडे नाही, कमरेकडे बघितलं.

"तो पट्टा तुझा नव्हे."

निहारने शर्ट पट्ट्यावर ओढून घेतला.

"डाव्या अंगाला लाल दोऱ्याची शिवण आहे. दोन टाके पुढे, एक मागे. शिडाची शिवण ती. या किनाऱ्यावर तशी घालणारा आता एकच म्हातारा उरलाय."

निहारचा हात आपोआप डाव्या कुशीवर गेला.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

...

तीन दिवस माझ्या ओटीवर जेवत होता हा, भात मागून मागून घेत होता. मी आपली खूश, की चला, कुणीतरी माझ्या हातचं आवडीने खातंय. नाक तेच, हसताना डोळा बारीक करायची खोड तीच, आणि मला मेलीला कळलं नाही.

मंदारचा भाऊ. मिरजेचा मंदार. गेल्या वर्षी याच फाल्गुनात तो थोरल्या पतंगाबरोबर उचलला गेला आणि माझ्याच गडग्यावर येऊन आपटला. तांडेल धावले, मी धावले. पाणी पाजायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

निहारने पाकिटातून पोलिसांनी घेतलेल्या जबाबाचा एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला.

"यावर तुमची सही आहे. 'सूचना देऊनही मोठ्या पतंगाचा हट्ट धरला.' बाबांनी हे एकदा वाचलं. त्या दिवसापासून घरात दादाचं नाव नाही. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकलाय. आईने हार आणला तर म्हणाले, हट्टानं गेला, त्याला हार कसला?"

तांडेल कागदाकडे बघत नव्हते.

"माझा दादा हट्टी नव्हता, तांडेल. त्याचं वजन अठ्ठ्याऐंशी होतं. मी त्र्याहत्तर होतो. सहा महिने खाऊन खाऊन अठ्ठ्याऐंशी झालो. शेवटचे दोन किलो या मावशींच्या भाताचे."

मी पदर तोंडाला लावला.

"कागदावर त्या दिवशीचा वारा लिहिलाय, चौदा. पाटीवर थोरलाच येतो. मग हट्ट कसला? मला तोच पतंग द्या. तेवढ्याच वजनानं मी जाऊन येतो, आणि घरी जाऊन बाबांना सांगतो, की हे बघा, दादाचं काही चुकलं नव्हतं."

तांडेल उठले. गुडघा धरून, हळूहळू.

"वारा कधी मोजलास?"

"सकाळी."

"आता वाजले किती?"

"अडीच."

"सुरू बघ."

किनाऱ्यावरच्या सुरूंचे शेंडे गावाकडे वाकले होते. सकाळी सरळ उभे होते.

"खारा वारा जेवून उठतो," तांडेल म्हणाले. "पाटीवर वजन आहे, वारा आहे. वेळ नाही. मोज आता."

निहारने खिशातलं यंत्र वर धरलं. पाती गरगरली.

"चोवीस."

"पाटीवर बघ."

"...आठ."

"कोण तो?"

"धाकटा." निहारने यंत्र खिशात कोंबलं. "पण मी धरीन. हातात जोर आहे माझ्या. तालमीतला आहे मी."

"वाऱ्याला तालमी ठाऊक नाहीत रे बाबा."

"तुम्ही घाबरता."

"होय," तांडेल म्हणाले.

मग ते शेडच्या मागे गेले आणि एक पोतं ओढत घेऊन आले. वाळूचं, ओल्या वाळूचं, तोंड शिवलेलं. लाल दोऱ्याने, दोन टाके पुढे, एक मागे.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "तू आलास त्या रात्री भरलं."

त्यांनी थोरला पतंग काढला. पतंगाच्या कडेला हवेची जाड नळी असते, ती पंपाने फुगवावी लागते. निहार पंप मारायला पुढे झाला, तर त्याला हाताने थोपवलं. स्वतःच मारला. मोठा वेळ लागला. घाम कानामागून मानेवर उतरला, पण थांबले नाहीत. मग दोऱ्या पोत्याला बांधल्या, गाठी ओढून बघितल्या, आणि पतंगाची कड निहारच्या हातात दिली.

"सुलू, बाजूक हो गो," मला म्हणाले.

मी तुळशीपाशी सरकले.

"सोड."

निहारने सोडला.

पतंग वर गेला, एकदाच फडफडला, मग भरल्या शिडासारखा ताठ झाला. दोऱ्या वाजल्या. पोतं वाळूवरून धावलं, दहा पावलं, पंधरा... आणि मग जमिनीवर नव्हतंच ते. अठ्ठ्याऐंशी किलो वाळू आमच्या कमरेएवढ्या उंचीवरून गेली आणि गडग्यावर बसली.

पोतं फुटलं. वाळू चिऱ्यांवरून खाली ओघळत राहिली. पतंग माझ्या अंगणातल्या शेवग्यात जाऊन अडकला आणि तिथे मुसमुसत पडला.



निहारचे हात अजून तसेच वर होते, पतंग धरल्यासारखे.

"इथेच?" त्याने विचारलं.

"इथेच."

"म्हणजे त्या दिवशीही दुपारच होती?"

"अडीच."

"आणि कागदावरचा चौदा?"

"सकाळचा."

निहार खाली बसला. मग कमरेचा पट्टा सोडायला लागला, पण बोटांना बक्कल सापडेना.

"म्हणजे बाबा खरं बोलतात," तो म्हणाला. "चोवीसच्या वाऱ्यात दादानं बारा घेतला. सगळ्यांनी नको सांगूनही घेतला. हट्टच की हा... मी उगाच खात बसलो सहा महिने."

पट्टा सुटला. त्याने तो तांडेलांच्या पायाशी ठेवला.

"चारच्या गाडीनं जातो मी."

तांडेल पट्ट्याकडे बघत राहिले. स्वतःच्याच शिवणीकडे. वारा शेडच्या पत्र्याखाली शिरून घुमत होता.

"त्यानं धाकटा मागितला होता," ते म्हणाले.

...

"काय?"

"अकराला यायचा होता. थोरला मी सकाळीच फुगवून ठेवला, अकराच्या वाऱ्याला तो बरोबर होता. पण जेवायला उशीर झाला."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघायला हवं होतं. त्या दिवशी ताजी सुरमई मिळाली होती. उपाशीपोटी कुठे पाण्यात जातोस रे, म्हणून मीच त्याला बसवून ठेवलं. आणखी एक तुकडी, आणखी थोडा भात. मग म्हटलं, घटकाभर पड, मासे खाऊन लगेच उठू नये.

"अडीचला आला. सुरूकडे बघितलं. तीन दिवसांत तेवढं शिकला होता. म्हणाला, तांडेल, वारा वाढलाय, धाकटा द्या."

"मग?"

"थोरला फुगवून तयार होता. त्याची हवा सोडायची, गुंडाळायचा, धाकटा काढायचा, फुगवायचा, दोऱ्या लावायच्या... अर्धा तास."

"अर्धा तास," निहार म्हणाला.

"मला झोप आली होती."

निहार उठून उभा राहिला.

"मी म्हटलं, थोरलाच ने रे. पाटी बघ, तुझ्या वजनाला थोरलाच."

"आणि दादा काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणता तर ठीक, म्हणाला."

शेवग्यात पतंग पुन्हा एकदा फडफडला.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. त्या दुपारी मी गडग्याशीच होते, भांडी घासत. वाऱ्यातून मला एकच शब्द ऐकू आला होता, 'थोरला'. कुणाच्या तोंडचा, तेही कळलं नव्हतं. मंदार गेल्यावर बाकीचं मीच जोडलं. फार हट्टी हो, थोरलाच पाहिजे म्हणून बसला, तांडेल नको नको म्हणत होते. विहिरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, कागद लिहायला साहेब आले त्यांनाही सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि कागद तांडेलांपुढे सरकवला. तांडेलांनी माझ्याकडे बघितलं होतं तेव्हा. मग सही केली.

आमच्याकडे मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात. उठलेल्या अफवेलाही वावडीच म्हणतात.

निहारने फोन काढला.

"हे बाबांना सांगा. आत्ता."

तांडेलांनी टोपी काढली. केस कपाळाला चिकटले होते.

फोन लागला. निहारने आवाज मोठा केला आणि फोन तांडेलांच्या तोंडापुढे धरला.

"हं, बोल निहार," पलीकडून आवाज आला. थकलेला, पण करारी. "जेवलास का?"

"मी निहार नव्हे. तांडेल बोलतोय, किनाऱ्यावरचा."

पलीकडे छताचा पंखा तेवढा ऐकू येत होता. कुरकुर, कुरकुर.

"निहार तिथे कसा?... बरं. काय काम आहे?"

"तुमचा मंदार पाण्यात जायच्या आधी एक बोलला होता. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

पंखा.

"वर्ष झालं," पलीकडचा म्हातारा म्हणाला.

"होय."

"...काय बोलला?"

"धाकटा द्या, म्हणाला."

पंख्याच्या आवाजात काहीतरी हललं. खुर्ची असावी. मग तो करारी आवाज एकदम कुठल्या कुठे गेला.

"धाकटा? म्हणजे... निहार? निहारची आठवण काढली त्यानं? अहो, लहानपणी असाच म्हणायचा तो. आईच्या मांडीवरून याला ओढून घ्यायचा. धाकटा द्या, माझा धाकटा द्या... शेवटी तेच बोलला?"

निहारने डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, होय म्हणा. तांडेल, एवढं एक होय म्हणा. फोटो कपाटावरून खाली येईल, हार चढेल, तुम्हीही सुटाल आणि मीही सुटेन. मी गडग्यावरून हातसुद्धा केला. होय म्हणा.

तांडेलांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग गडग्यापाशी सांडलेल्या वाळूकडे बघितलं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "ऐकताय ना? निहारलाच बोलावत होता ना तो?"

"नाही," तांडेल म्हणाले. "पतंग मागत होता. धाकटा. मी थोरला दिला."